नऊ जण आणि अठ्ठावीस जण



यंदा नवरात्रात दाजीबानपेठेतल्या तुळजाभवानीच्या देवळात प्रसादाला बसलो. बसलो कसला, खुर्ची मागून घेतली. सगळी पंगत मांडी घालून खाली आणि मी एकटा वर, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. वाढणाऱ्या पोराने विचारलं, "काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का?" म्हटलं, "नाही रे, कबड्डी." तो हसून पुढच्या पानाकडे गेला. म्हातारा थट्टा करतोय असं वाटलं असणार त्याला.

थट्टा नव्हती. या गुडघ्याची गोष्ट मी आजवर पूर्ण अशी एकालाच सांगितली आहे. तीही हुबळीत नाही, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका रिकाम्या फुटबॉल मैदानाच्या कठड्याला टेकून. यावेळचं सदर त्या मैदानाबद्दल आहे. गुडघा त्यात ओघाने येईल.

२०१९ साली आम्ही उभयता लेकीकडे डी मॉइन शहरात गेलो होतो. गणपती तिच्याकडे बसवले आणि दिवाळी करूनच परतलो. जावई बेळगावचे, तिथल्या एका विमा कंपनीत आहेत. (त्या गावात दर तिसरा माणूस विमा कंपनीत असावा असं मला वाटायचं.) नातू तेव्हा पंधरा वर्षांचा. मला 'अज्जा' म्हणतो. आईच्या तोंडून ऐकलेलं हुबळीचं मराठी बोलतो, म्हणजे त्यात निम्मं कानडी आणि आता निम्मं इंग्रजी. तर हा नातू त्या वर्षी शाळेच्या फुटबॉल संघात शिरला होता.

फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. त्यात पाय फार कमी वेळा चेंडूला लागतो. पहिल्या शुक्रवारी रात्री शाळेचा सामना बघायला गेलो तेव्हा मला अर्धा तास काहीच कळलं नाही. शिरस्त्राणं घातलेली पोरं एकमेकांसमोर ओणवी होतात, कुणीतरी ओरडतं, धाडकन टक्कर होते, सगळे ढिगाऱ्यात पडतात, शिट्टी वाजते. मग सगळे उठून पुन्हा बोलत उभे. हिच्या शब्दांत सांगायचं तर, "खेळतात कमी, मीटिंगाच जास्त."

नातवाने मग मला कबड्डीच्या भाषेत समजावून घेतलं. म्हणजे तो सांगायचा आणि मी माझ्या भाषेत उतरवून घ्यायचो. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्याच्याकडे त्या संघाला चार चढाया मिळतात. त्या चारांत मिळून दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार चढाया, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की सहा गुण, आणि वर एक लाथ मारून खांबांमधून चेंडू घालवलात तर सातवा. दम कोंडायचा नाही, 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं नाही, पण चेंडूवाल्याला अंगावर पडून जमिनीला टेकवायचं, ती पकड मात्र आपलीच. फरक वजनाचा. समोरून येणारा गडी सव्वाशे किलोचाही असू शकतो, आणि तो पळत येत असतो.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मैदानात एका वेळी अकराच जण असतात, पण चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. चेंडू हातातून गेला की अख्खी टोळी बाहेर आणि दुसरी आत. लाथ मारायची वेळ आली की तिसरी टोळी. शिवाय प्रत्येक जागेला एकदोन बदली. त्यामुळे खेळ अकरांचा असला तरी कॉलेजचा संघ शंभराच्या घरात जातो. कुणाचा पाय मुरगळला तर त्याच्या जागी ताजा माणूस तयार असतो. या खेळात गर्दी हेच संरक्षण.

ऑक्टोबरची १ तारीख, मंगळवार. घरी घटाची तिसरी माळ होती. संध्याकाळी नातू सरावाहून आला तो फोन नाचवतच. डी मॉइनपासून पूर्वेला तासाभराच्या वाटेवर ग्रिनेल नावाचं गाव आहे, तिथे त्याच नावाचं कॉलेज आहे. त्या कॉलेजच्या फुटबॉल संघाने हंगाम मध्येच सोडून दिला होता. दहा सामन्यांचा हंगाम, तीन खेळून झाले होते, तिन्ही हरले होते. उरलेले सातही रद्द. सुरुवातीला संघात ३९ मुलं होती, दुखापतींमुळे त्यांतली २८ उरली होती. आणि थांबायचं मुलांनीच ठरवलं होतं, मत घेऊन. कॉलेजने ते मान्य केलं.

"क्विटर आहेत ते, अज्जा," नातू म्हणाला. त्याच्या तोंडी ती शिवी होती.

मी काही बोललो नाही. पण रात्री झोप लागेना. अठ्ठावीस हा आकडा डोक्यात फिरत राहिला. अकरा आणि अकरा बावीस, उरले सहा. त्यात एखादा ताप आलेला, एखादा लंगडणारा. मग चढाईतली मुलं बचावातही उभी राहणार, दमलेल्या अंगाने ताज्या गड्यांच्या धडका घेणार, आणि त्यातून पुढच्या शनिवारी आणखी दोघे कमी. हा हिशोब बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला सहज कळतो. तोटा वाढत जाणारा आहे आणि तारण म्हणून मुलांचे गुडघे ठेवले आहेत.

हुबळीत आपण ज्याला लहान कॉलेज म्हणू तसंच हे कॉलेज, सतराशेच्या आसपास विद्यार्थी. गावाची वस्तीही नऊएक हजार. पण गरीब म्हणाल तर अजिबात नाही. इंटेल कंपनीचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस इथलेच विद्यार्थी, १९४९ चे पदवीधर. १९६८ साली त्यांनी कंपनी काढली तेव्हा कॉलेजने तिच्यात पैसे गुंतवले. विश्वस्तांत वॉरन बफे होते. त्यामुळे या कॉलेजच्या गंगाजळीचा आकडा अब्ज डॉलरांत मोजतात. (याच नॉइसने विद्यार्थी असताना पार्टीसाठी जवळच्या शेतातून डुक्कर पळवलं म्हणून त्याला एक सत्र घरी बसवलं होतं. थोरांच्या खोड्या वाचल्या की मला बरं वाटतं.) म्हणजे पैसा होता, मैदान होतं, शिक्षक होते. फुटबॉल खेळायला मुलं नव्हती.

याचं एक कारण असं की अमेरिकेत कॉलेजच्या खेळांच्या पायऱ्या आहेत. टीव्हीवर दिसतात ती लाखभर प्रेक्षकांची मैदानं वरच्या पायरीवरची. ग्रिनेल तिसऱ्या पायरीवर, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, नियमच आहे. आपल्याकडे स्पोर्ट्स कोट्यातून प्रवेश मिळतो, नोकरी मिळते, म्हणून आईबाप मुलाला मैदानावर सोडतात. तिथे त्या पायरीवरचा मुलगा अभ्यासाचे पैसे भरून, रसायनशास्त्राची प्रयोगवही सांभाळून, निव्वळ हौसेने धडका खातो. हौसेला माणसं किती मिळणार? त्यातून अलीकडे डोक्याला बसणाऱ्या मारांची भीती. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने पिट्सबर्गमध्ये एका माजी व्यावसायिक खेळाडूचा मेंदू तपासला आणि वारंवारच्या धडकांनी तो आतून कसा पोखरला जातो ते २००५ मध्ये छापून जगासमोर आणलं. तेव्हापासून अमेरिकेतल्या कित्येक घरांत आई एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला असतो. लेकीच्या घरातही तेच होतं. सामन्याला ती यायची, पण टक्कर झाली की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची.

शनिवारी सातवी माळ. सकाळी घटाला पाणी घालून झाल्यावर मी जावयांना म्हटलं, "ते ग्रिनेल दाखवा की." त्यांना वाटलं मला तिथली बँक बघायची आहे, कारण त्यांनीच एकदा तिच्याबद्दल सांगितलं होतं. चालेल म्हटलं, बँकही बघू. नातू कुरकुरत मागच्या सीटवर बसला.

हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका, वाळून खडखडीत झालेला. आपल्याकडे नवलगुंदच्या वाटेला काळं रान लागतं तसंच काळं रान, फक्त विहीर नाही, बांध नाही, माणूसही नाही. बँक मात्र खरोखर बघण्यासारखी निघाली. लुई सलिव्हन या मोठ्या वास्तुकाराने १९१४ साली बांधलेली लहानशी विटांची इमारत, दारावर चक्रासारखी गोल रंगीत काचेची खिडकी, भोवती दागिन्यासारखी नक्षी. आता तिथे बँक नाही. मी आमच्या शाखेची पत्र्याची पाटी आठवून हळहळलो.

मग कॉलेज. फुटबॉलचं मैदान रिकामं होतं. गवत नीट कापलेलं, पांढऱ्या रेषा ओढलेल्या. शनिवारचा दिवस, हंगाम ऐन भरात, आणि मैदानावर चिटपाखरू नाही. लग्न मोडलेल्या घरी मांडव तसाच उभा असावा तसं वाटलं.

या मैदानाला इतिहास आहे हो. १६ नोव्हेंबर १८८९ रोजी याच गावात ग्रिनेलने आयोवा विद्यापीठाला २४-० असं हरवलं होतं. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला दोन कॉलेजांमध्ये झालेला तो पहिला फुटबॉल सामना. त्याची खूण म्हणून तिथे दगड उभा केला आहे. आज ते आयोवा विद्यापीठ वरच्या पायरीवर आहे, त्याच्या मैदानात सत्तर हजार माणसं बसतात. आणि त्याला हरवणाऱ्या कॉलेजकडे संघ उभा करायला पोरं नाहीत.

बास्केटबॉलला मात्र यांच्याकडे माणसं पुरतात. त्यातही यांची तऱ्हाच निराळी. दर मिनिटाच्या आत पाचच्या पाच खेळाडू बदलायचे, सतत पळायचं, सतत टाकायचं. २०१२ च्या नोव्हेंबरात इथल्या जॅक टेलर नावाच्या मुलाने एकाच सामन्यात १३८ गुण केले होते. नातवाने हे सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजातली ग्रिनेलबद्दलची अढी जरा सैल झाली.

मग कठड्याला टेकून उभे असताना तो पुन्हा म्हणाला, "बट स्टिल, अज्जा. आपण थांबायचं नसतं. कोच म्हणतात."

तेव्हा मी त्याला गोष्ट सांगितली.

१९७३ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कर्नाटक युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांच्या कबड्डी स्पर्धा होत्या. कबड्डीला बारा जण नेता येतात, आम्ही नऊच गेलो. दोघांना पेरणीला घरी बोलावलं होतं आणि एकाचं लग्न ठरलं होतं. तेव्हा मॅट वगैरे नव्हती, माती. उपउपांत्य सामन्यात एकाचा खांदा निखळला, एकाचा घोटा गेला, आणि एक धिप्पाड गडी माझ्या डाव्या गुडघ्यावर सगळ्या वजनानिशी बसला. रात्रीत गुडघा नारळाएवढा झाला. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. नवांतून दोन गेले, उरलो सात. सहा घेऊन उतरणं म्हणजे कॉलेजची अब्रू गेली, असं आम्हाला वाटायचं. गुडघ्यावर हळद-चुन्याचा लेप दिला, वर पट्टी आवळली आणि मी उतरलो. उत्तरार्धात चढाईला गेलो तेव्हा त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला आणि दुसरा वरून आला. आवाज मला अजून ऐकू येतो. सुपारी फुटावी तसा. सामना आम्ही हरलोच, आणि मोठ्या फरकाने हरलो.

"तुमच्या कोचने काय केलं?" नातवाने विचारलं.

"सांगितलं ना, हळद-चुना लावला."

"तसं नाही. खेळू का दिलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. 'उतर' असं कुणीच म्हटलं नाही. 'नको उतरूस' असंही कुणी म्हटलं नाही. आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता पट्ट्या आवळत होतो. खांदा निखळलेला मित्र एका हाताने मला पाणी देत होता. त्याने सुद्धा म्हटलं नाही. रिक्षाने घरी आणलं तेव्हा आईने दारातच गुडघा बघितला आणि एकच शब्द बोलली, "साकु." पुरे. मैदानावर तो शब्द एकानेही काढला असता तर, असं पुढे किती वर्षं वाटत राहिलं. मग तेही वाटेनासं झालं. गुडघा तेवढा राहिला.

'साकु' नातवाला माहीत होता. पानात भात वाढताना त्याची आई तेच विचारते. तो रिकाम्या मैदानाकडे बघत बराच वेळ गप्प उभा राहिला. जावईही गप्प. त्यांनाही ही गोष्ट नवीन होती.

अठ्ठावीस जणांनी बरोबर केलं का? मला वाटतं, केलं. पण ते सोपं होतं असं मी म्हणणार नाही. त्या संघात शेवटच्या वर्षाची मुलं असणार, त्यांचा हंगाम पुन्हा येणार नव्हता. समोरच्या सात कॉलेजांनीही तयारी केलेली. शिवाय संपूर्ण अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत नाव. त्या देशात फुटबॉल सोडणं म्हणजे आपल्याकडे भरल्या पंगतीतून उठून जाणं. आणि तरी त्यांनी एकत्र बसून, मोजून, मत घेऊन ठरवलं. आम्ही नऊ जण एका खोलीत झोपलो होतो, आम्हाला बोलताही आलं नाही.

आणि थांबण्याचीही त्या खेळात परंपरा आहे, हे मी नंतर वाचलं. १९०५ साली एका हंगामात इतकी मुलं मैदानावर दगावली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले, चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे सगळी झोंबाझोंबी एकाच ढिगाऱ्यात होऊ नये. शिकागो विद्यापीठाचा संघ तर एके काळी नावाजलेला. त्यांनी १९३९ साली फुटबॉल बंदच केला आणि तीस वर्षांनी, १९६९ मध्ये, लहान प्रमाणावर पुन्हा सुरू केला. विद्यापीठाचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडेही हा खेळ येऊन गेलाय, हे मी नातवाला परतीच्या वाटेवर सांगितलं तेव्हा तो उडालाच. २०१२ साली एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची स्पर्धा निघाली होती. हॉलिवूडचा मार्क वॉलबर्ग आणि माइक डिट्कासारखे अमेरिकन फुटबॉलमधले बडे लोक तिच्या पाठीशी होते. मुंबई ग्लॅडिएटर्स, बंगलोर वॉरहॉक्स, आणि आपले पुणे मराठाज! सामने कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर झाले, मग टीव्हीवर दाखवले. अंतिम सामन्यात पुणे मराठाजनी दिल्ली डिफेंडर्सना ६-० असं हरवलं. मराठ्यांनी दिल्लीला हरवलं, तेही श्रीलंकेत, तेही अमेरिकन फुटबॉलमध्ये, आणि पुण्यात कुणाला पत्ता नाही! जावयांनी गाडी चालवता चालवता तीनदा विचारलं, "खरंच का?" सहा गुणांचा सामना म्हणजे दोन्ही बाजूंनी पकडी घट्ट होत्या आणि फेकाफेकी कच्ची होती, असा नातवाचा निष्कर्ष. बरोबर असावा.

दसरा झाला, दिवाळी झाली. नातवाने तो हंगाम पूर्ण खेळला. एका सामन्यात डोकं आपटलं, तेव्हा स्वतःच बाहेर येऊन गुरुजींना सांगितलं आणि पुढचा आठवडा बाकावर बसला, असं लेकीने कळवलं. ते माझ्या गोष्टीमुळे की तिच्या रागामुळे, देवी जाणे. नंतर आणखी एक वर्ष खेळून त्याने आपणहून सोडलं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता पळायला जातो.

ग्रिनेलचा २०२० चा हंगाम करोनाने खाल्ला. ग्रिनेलचा संघ २०२१ मध्ये पुन्हा मैदानात उतरला. एका रविवारी सकाळी मी दुर्गदबैलातून भाजी घेऊन येत होतो, तेव्हा नातवाचा फोटो आला. लाल कपड्यांतली पोरं मैदानाच्या कडेला ओळीने उभी. खाली लिहिलं होतं, 'अज्जा, काउंट.' पिशवी पायरीवर ठेवली, चष्मा लावला आणि तिथेच उभा राहून मोजायला लागलो. ओळ लांब होती. मोजता मोजता फोटो संपला.